अंजिराची रजई

अक्काने बागेच्या फाटकाची किल्ली बाळकाकांच्या हातात दिली नाही. ती त्यांच्या शर्टाच्या खिशात घातली, वरून सेफ्टी पिन लावली, पिन नीट बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं आणि मग म्हणाली, "हं. आता नाही हरवायची."

हे सगळं भर रस्त्यात, टॅक्सीवाल्याच्या देखत. आता बाळकाका म्हणजे काही कोणी लुंगेसुंगे नव्हेत. विमा कंपनीत आग, चोरी आणि पाणी शिरणे या तिन्ही संकटांचे दावे त्यांच्याच टेबलावरून जात. त्यांची सही होईपर्यंत जळालेलं गोदाम जळालेलं मानलं जात नसे. अशा अधिकारी माणसाच्या छातीवर पिन! पण अक्का त्यांची थोरली बहीण, आणि तीही थोडीथोडकी थोरली नव्हे. तिने त्यांना कडेवर घेऊन फिरवलं होतं. एकदा कडेवर घेतलेला माणूस पुढे कितीही बढत्या मिळाल्या तरी घेणारीच्या मनातून खाली उतरत नाही. साऱ्या जगाचे ते बाळकाका होते, अक्काचे मात्र नुसते बाळ.

अक्का निघाली होती लेकीकडे. लेकीला जुळं झालं होतं, तेव्हा हिवाळा संपेपर्यंत अक्काचा मुक्काम तिकडेच. घराला कुलूप लागलं आणि त्याची किल्ली अक्काच्या पर्समध्ये गेली. बाळकाकांना मिळाली ती फक्त बागेच्या फाटकाची. हा फरक त्यांच्या लक्षात आला नाही असं कोणी समजू नये.

"कुंड्यांना दिवसाआड पाणी घाल," अक्का टॅक्सीत बसता बसता सांगत होती. "फार नको, थोडंच. नळ घट्ट बंद कर. फाटकाला कडी लाव. आणि अंजीर..." इथे तिचा आवाज जरा बसला. "अंजिराकडे लक्ष ठेव हं बाळ. ह्यांनी लावलेलं आहे ते. आता हिवाळ्यात ते जरा..."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, टॅक्सी हलली, आणि हिवाळ्यात ते जरा काय, हे टॅक्सीबरोबरच निघून गेलं.

'ह्यांनी' म्हणजे अक्काच्या यजमानांनी. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेलं ते अंजीर, छाटून छाटून बुटकंच ठेवलेलं, शिडी न लावता फळ काढता यावं म्हणून. सकाळी खिडकी उघडली की अक्का आधी अंजिराकडे बघायची, मग घड्याळाकडे. हे बाळकाकांना ठाऊक होतं. अंजिराबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं. बाकी अंजिराशी त्यांचा संबंध उन्हाळ्यात यायचा, तोही ताटलीत.

घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "अक्काने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर काहीतरी सोपवलंय."

"दुसरं कोणी मिळालं नसेल," काकू म्हणाल्या. काकू खरं बोलायच्या, हा त्यांचा जुना दोष.

सुरुवातीचे काही दिवस छान गेले. बाळकाका ऑफिसला जाताना बागेत डोकवायचे, येताना डोकवायचे. कुंड्यांना पाणी घातलं की नळ बंद करायचे, मग फाटकापर्यंत जाऊन परत यायचे आणि नळ बंद आहे ना ते बघायचे. उभं आयुष्य दावे तपासण्यात गेलं की माणसाची नजरच बिघडते. इतरांना बागेत झाडं दिसतात. बाळकाकांना दिसायची ती भिंतीला लावलेली शिडी, जी कोणाच्या तरी डोक्यात पडणार होती, आणि कठड्यावरची कुंडी, जी वाऱ्याने खाली येणार होती. त्यांनी शिडी आडवी केली, कुंडी जमिनीवर ठेवली. आता काहीच होऊ शकत नाही, अशी त्यांची खात्री पटली.

आणि मग थंडी पडली, आणि अंजिराचं एक पान पिवळं झालं.

बाळकाकांनी ते हातात घेतलं, उजेडात धरून पाहिलं, खिशात घालून घरी आणलं. काकूंनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. "पान आहे. पडतं."

दुसऱ्या दिवशी मूठभर पानं पडली होती. आठवडा उलटायच्या आत झाडाखाली पिवळा गालिचा झाला, आणि झाडावर जेवढी पानं उरली होती तीही कान पाडून बसल्यासारखी दिसत होती. बाळकाका गालिच्याच्या कडेलाच थबकले. मेहुण्यांनी वर्षानुवर्षं जपलेलं झाड, अक्काने विश्वासाने हाती दिलेलं, आणि आपल्या हातात येऊन त्याला महिनासुद्धा झाला नव्हता!

रविवारी अक्काचा फोन आला. मागे दोन्ही बाळं एका सुरात रडत होती.

"बाळ, बाग कशी आहे रे? अंजीर कसं आहे?"

आता इथे सरळ सांगायचं होतं. "अक्का, पानं गळतायत," एवढे तीन शब्द. पण बाळकाकांच्या डोळ्यांसमोर सकाळची ती खिडकी आली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अंजीर ना? छान आहे! एकदम हिरवंगार!"

पलीकडे फक्त बाळं रडत राहिली.

"हिरवंगार?" अक्काने विचारलं.

"पानांनी नुसतं लगडलंय," बाळकाका म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हेच होतं. त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही.

"बरं," अक्का सावकाश म्हणाली. "तुझी तब्येत बरी आहे ना?"

बाळकाकांना भरून आलं. बागेचं ऐकून समाधान झाल्यावर तिला आपली आठवण झाली, असं त्यांना वाटलं.

अक्काच्या शेजारी मोजणीसाहेब राहायचे. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून ते निवृत्त झाले होते, आणि आता मोजायला काही उरलं नसल्यामुळे मतं देत असत. कुंपणापलीकडून त्यांनी अंजिराकडे एक डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "थंडी लागलीय."

"झाडाला?"

"मग कोणाला? मुळाशी गारठा बसला की आधी पानं जातात, मग फांद्या, मग खेळ खलास. गुंडाळा त्याला."

मोजणीसाहेबांच्या मागे त्यांची बायको कपडे वाळत घालत होती. बाळकाका तिला वहिनी म्हणत. ती म्हणाली, "अहो, पण ते तर दर वर्षी..."

"तू थांब जरा," मोजणीसाहेब म्हणाले. "इथे महत्त्वाचं चाललंय."

वहिनी थांबली. बाळकाका घरी गेले आणि कपाटातली जाड रजई काढू लागले.

"ती पाहुण्यांची आहे," काकू म्हणाल्या.

"पाहुण्यांपेक्षा अंजीर महत्त्वाचं आहे."

"आणि पाहुणे आले तर?"

"थंडीत कोणी येत नाही. आलेच तर त्यांना माझी दे."

रजई अंजिराला गुंडाळली, सुतळीने बांधली. वरून एक जुनी शाल, बुंध्याला गोणपाट. लांबून पाहिलं की वाटायचं, कोणीतरी म्हातारं माणूस कोणाची तरी वाट बघत बागेत उभं आहे. रस्त्याने जाणारे लोक थबकायचे. एका शाळेतल्या बाई तर "काही मदत हवी आहे का?" असं त्या रजईला विचारून गेल्या.

पानं गळायची थांबली नाहीत. थांबली ती एकदाच, जेव्हा गळायला एकही उरलं नाही तेव्हा.

औषधाच्या दुकानदाराला त्यांनी जरा आडून विचारलं, की घरात एक जण आहे, खाणंपिणं बंद, अंगावर काही धरत नाही, काय द्यावं? त्याने वय विचारलं. बाळकाकांनी मेहुण्यांनी झाड कधी लावलं ते आठवून सांगितलं. दुकानदार म्हणाला, "या वयात असं होतं. डाएटच्या नादी लागलेलं असेल," आणि त्याने टॉनिकची मोठी बाटली दिली. रोज दोन चमचे, जेवणानंतर. बाळकाका रोज दोन चमचे अंजिराच्या मुळाशी ओतू लागले. जेवणानंतर म्हणजे कधी, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या जेवणानंतर असा सोडवला.

दर रविवारी फोन येतच होता. बाळकाका आता खोटेपणात इतके खोल गेले होते की परत यायला वाटच नव्हती. पहिल्या रविवारी हिरवंगार सांगितल्यावर दुसऱ्या रविवारी बोडकं कसं सांगणार? म्हणून अंजिराला नवी पालवी फुटली. त्याच्या पुढच्या रविवारी बारीक बारीक फळं धरली.

"फळं?" अक्का म्हणाली. "आत्ता?"

"हो ना, मलाही आश्चर्यच वाटलं!"

"बाळ," अक्का अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आज वार कोणता आहे रे?"

"रविवार. तू रविवारीच फोन करतेस की!"

"आणि आपल्या जुन्या घराचं दार कुठल्या रंगाचं होतं, आठवतं?"

"निळं," बाळकाका म्हणाले. अक्का किती हळवी झाली आहे म्हातारपणी! आणि अशा बहिणीला आपण फसवतोय. त्यांनी फोन ठेवला. तिकडे अक्काने लगेच काकूंच्या फोनवर फोन केला आणि बाळचं झोपणं, जेवणं, बोलणं सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. काकू खरं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तसं ठीक आहे अक्का. फक्त झाडाला रजई पांघरतात, टॉनिक पाजतात आणि 'ऊठ रे बाबा' म्हणतात." झाड वाळत चाललंय हे मात्र त्यांनी सांगितलं नाही, कारण नवऱ्याने तशी शपथ घातली होती.

टॉनिकने काही झालं नाही तेव्हा मोजणीसाहेब म्हणाले, "नुसतं पांघरूण काय कामाचं? ऊब द्या. आत बल्ब सोडा, मोठा, पिवळा. कोंबड्यांच्या पिल्लांना देतात तसा."

बाळकाका दोन पावलं मागे सरले. कापड, वायर आणि बल्ब हे तीन शब्द कोणत्याही दाव्यात एकत्र आले की ते पुढचं न वाचता नामंजूर लिहायचे. पण प्रश्न अक्काच्या अंजिराचा होता. अक्काच्या घराला कुलूप, तेव्हा वायर आली मोजणीसाहेबांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. वहिनीने ती खिडकीतून देता देता पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, "भाऊ, मी काय म्हणते, हे झाड दर हिवाळ्यात..."

"वायर ओढू नकोस, सोड!" मोजणीसाहेब बाहेरून ओरडले, आणि त्याच क्षणी त्यांच्या घरचा फ्यूज उडाला. नंतर सगळी चर्चा फ्यूजवर झाली.

बल्ब लागला. रजईच्या आतून पिवळा उजेड दिसू लागला. पण आता बाळकाकांना झाडापासून हलता येईना. पेटलं तर? ते रजा टाकून पाण्याची भरलेली बादली घेऊन अंजिराशेजारी खुर्चीवर बसू लागले, कानटोपी, मफलर, ओव्हरकोट घालून. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'घरातील ज्येष्ठाची शुश्रूषा.' ऑफिसातल्या लोकांनी फोन करून धीर दिला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "काही बोलतात का?" बाळकाका म्हणाले, "नाही हो, नुसते उभे असतात." मॅनेजरसाहेबांनी आणखी आठवडाभर रजा वाढवून दिली.

या सगळ्यात बाळकाकांना सर्दी झाली, पाठ धरली, आणि टॉनिकची दुसरी बाटली त्यांनी स्वतःच घेतली. अंजीर मात्र तसंच. बाळकाकांनी एकदा त्याला हात लावून हळूच म्हटलं, "अरे, माझी नाही तर तिची तरी लाज राख." आणि मग इकडेतिकडे कोणी ऐकलं नाही ना ते पाहिलं.

शेवटी त्यांनी सरकारी दार ठोठावायचं ठरवलं. नगरपालिकेत उद्यान विभाग होता. तिथे झाडांचे तज्ज्ञ असणार, एकदा त्यांनी येऊन पाहिलं की झालं. खिडकीवरच्या कारकुनाने चहाचा कप बाजूला ठेवला.

"झाड पडलंय का?"

"नाही."

"पडणार आहे?"

"तसं नाही. आजारी आहे. कोणी येऊन तपासलं असतं तर..."

"तपासायला माणूस येतो तो तोडायच्या अर्जावर. नाहीतर छाटायच्या. बरं करायचा अर्ज आपल्याकडे नाही."

"पण मला तोडायचं नाहीये!"

"मग कशाला घाबरता? तोडायचा अर्ज द्या, माणूस येईल, बघेल, सल्ला देईल, मग अर्ज मागे घ्या. सगळे असंच करतात."

सगळे असंच करतात, हे वाक्य इतरांच्या तोंडून ऐकलं की बाळकाका ताबडतोब चौकशी लावत. पण माणसाचा जीव टांगणीला लागला की त्याचा अनुभव उपयोगी पडत नाही. त्यांनी सही केली.

माणूस आला. त्याने रजईचं एक टोक उचललं, आत पाहिलं, फोटो काढला, बाळकाकांकडे पाहिलं, त्यांचाही काढला, आणि सल्ला न देता निघून गेला. काही दिवसांनी बाळकाका पाण्याची बादली घेऊन बागेत आले तर रजईवर कागद चिकटवलेला. झाड वाळलेले आढळले असून अर्जदाराच्या विनंतीनुसार ते तोडण्यात येईल. खाली अर्जदाराचं नाव, ठळक अक्षरात, आणि तारीख, तीही आठवडाभराच्या आतली.

बाळकाकांनी तो कागद दोनदा वाचला. आतापर्यंत झाड आपोआप मरत होतं. आता ते त्यांच्या सहीने मरणार होतं.

ते धावत नगरपालिकेत गेले. कारकून म्हणाला, "मागे घ्या की. फक्त झाड जिवंत असल्याचा पुरावा जोडा."

"जिवंत असल्याचा पुरावा कसा देणार?"

"ते आम्ही कसं सांगणार? पुरावा तुम्हीच द्यायचा असतो."

बाळकाका चमकले. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. एका दुकानदाराला त्यांनी ते ऐकवलं होतं, जळालेला माल जळण्याआधी दुकानात होता याचा पुरावा मागताना. तो माणूस काउंटरपलीकडे असाच उभा होता, तोंड उघडं टाकून. बाळकाका मान खाली घालून जिना उतरले.

त्या रविवारी अक्काचा फोन आला नाही. बाळकाकांना आधी बरं वाटलं आणि मग फारच वाईट वाटलं.

आणि ती तारीख उजाडली. सकाळी सकाळी बागेपाशी एक ट्रक थांबला. मुकादम, दोन माणसं, शिडी आणि एक करवत. बाळकाका ओव्हरकोटात, कानटोपीत, आधीच फाटक अडवून उभे होते.

"हे झाड तोडायचं नाही!"

मुकादमाने कागद पाहिला. "अर्जदार कोण?"

"मीच!"

"मग तोडायचंय म्हणून तुम्हीच लिहून दिलंय की."

"मीच लिहून दिलंय आणि मीच सांगतोय, तोडायचं नाही!"

मुकादमाने कपाळाला हात लावला. "साहेब, माझं दिवसाचं काम लावलेलं असतं. बाजूला व्हा बरं." त्याच्या माणसांनी फाटकातून शिडी आत घातली. तेव्हा बाळकाका मागे वळले, धावत गेले आणि त्यांनी अंजिराला, रजईसकट, शालीसकट, बल्बसकट, मिठी मारली.

"आधी मला कापा!" ते ओरडले. आवाज सर्दीने बसल्यामुळे ते जरा बेडकासारखं आलं, पण त्यांना जे म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं.

कुंपणापलीकडे मोजणीसाहेब आले. वहिनी आली, हातात झारा तसाच. नेमकी तेव्हाच मागे टॅक्सी येऊन उभी राहिली आणि तिच्यातून अक्का उतरली.

अक्काने ट्रक पाहिला. करवत पाहिली. रजईवरचा कागद वाचला आणि अर्जदाराचं नाव वाचलं. मग झाडाला बिलगून डोळे मिटून उभ्या असलेल्या आपल्या भावाला पाहिलं.

"बाळ," ती म्हणाली.

बाळकाकांनी डोळे उघडले. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "अक्का, मेलं गं ते! मी मारलं! पालवी नाही, फळं नाहीत, काही नाही. सगळं खोटं बोललो मी. एक पान शिल्लक नाही. रजई घातली, औषध घातलं, बल्ब लावला, काही उपयोग झाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर काही सोपवलंस तू, आणि मी नेमकं तेच मारलं. भावोजींचं झाड!"

अक्का मटकन कठड्यावर बसली. पदर तोंडाला लावला. बाळकाकांना वाटलं ती रडतेय. ती खरोखरच रडत होती.

"म्हणजे तुझं डोकं ठिकाणावर आहे?" ती म्हणाली.

"माझं?"

"अरे गाढवा, या दिवसांत त्याला पान असतंच कुठे? तू सांगतोस हिरवंगार, पालवी, फळं! मला वाटलं तुला काहीतरी भास होतायत. आई शेवटी शेवटी असंच नसलेलं बघायची, आठवतं ना? रात्र रात्र डोळा नाही लागला माझा. जुळ्यांना तशीच टाकून आले मी, तुझ्यासाठी. झाड गेलं असतं तर रडले असते चार दिवस आणि दुसरं लावलं असतं. भाऊ कुठून लावणार होते?"

बाळकाकांनी नाक ओढलं. मिठी मात्र त्यांनी अजून सोडली नव्हती.

अक्का उठली, डोळे पुसले, रजईत हात घालून एका फांदीला नखाने जरासं खरवडलं. सालीखाली ओला, हिरवा रंग. "बघ. झोपलंय ते. दर वर्षी झोपतं."

"तेच तर मी केव्हापासून सांगतेय!" वहिनी कुंपणापलीकडून एवढ्या जोरात म्हणाली की मुकादमसुद्धा दचकला. "दर वर्षी झडतं आणि दर वर्षी फुटतं! कोणी बोलू देईल तर!"

सगळ्यांनी मोजणीसाहेबांकडे पाहिलं. मोजणीसाहेब कुंपणाची लांबी पाहू लागले.

मुकादमाने नखाची ती खूण पाहिली, पुटपुटत कागदावर 'झाड जिवंत' असा शेरा मारला आणि ट्रक घेऊन गेला. पुरावा इतका सोपा होता. बाळकाकांना तो दुकानदार पुन्हा आठवला आणि त्याची फाइल कुठल्या कपाटात असेल याचा ते विचार करू लागले.

"काढ आता हे सोंग," अक्का म्हणाली, आणि तिने स्वतःच सुतळी सोडून रजई वरून खाली घेतली. आणि थांबली.

बल्बच्या अगदी वर, एका फांदीच्या टोकाला, एक पान होतं. बोटाच्या पेरापेक्षा मोठं नसेल. फिकट, चुरगळलेलं, पण पानच.

"फुटलं!" बाळकाका म्हणाले. "अक्का, फुटलं! म्हणजे मी सगळंच खोटं..."

"अरे कर्मा!" अक्काने रजई झटकन पुन्हा वर ओढली. "झोपलेल्याला उठवलंस की रे! एवढ्या थंडीत उठलंय ते. आता याला वारा लागला तर ती फांदी जाईल, आणि सगळंच जागं झालं असेल तर मग काही खरं नाही."

बाळकाकांनी दोन्ही हातांनी रजई धरली. इतके दिवस नसलेल्या संकटाशी ते लढत होते, आणि लढून लढून त्यांनी खरंखुरं संकट उभं केलं होतं.

"मग आता?"

"आता काय? थंडी संपेपर्यंत पांघरूण राहू दे. बल्ब एकदम काढू नकोस, रोज थोडा थोडा कमी कर. टॉनिक बंद." अक्काने घड्याळ पाहिलं. "मला दुपारच्या गाडीने परत जायला हवं. तिकडे दोघं रडून घर डोक्यावर घेत असतील."

"आणि याच्याकडे कोण बघणार?" बाळकाकांनी विचारलं. मोजणीसाहेबांकडे बघणं त्यांनी टाळलं.

 अक्का जवळ आली, बाळकाकांच्या ओव्हरकोटात हात घालून शर्टाचा खिसा चाचपला. पिन अजून तिथेच होती, थोडी गंजलेली. तिने ती काढली, पानाच्या वरच्या बाजूला रजईची दोन टोकं जुळवली आणि तिथे ती पिन लावली, वारा जाऊ नये म्हणून. नीट बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं. मग किल्ली बाळकाकांच्या हातात ठेवली. पर्स उघडून त्या किल्लीवर दुसरी ठेवली, घराची.

"खोटं बोलायचं नाही," ती म्हणाली. "मेलं तर मेलं म्हणून सांगायचं."

"हो," बाळकाका म्हणाले.

टॅक्सी गेली. बाळकाकांनी दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या, फाटकाला कडी लावली आणि घराकडे निघाले. रस्त्याच्या वळणावर त्यांनी खिसा चाचपला. किल्ल्या होत्या. औषधाच्या दुकानापाशी पुन्हा चाचपला. घराच्या जिन्यात काकू भेटल्या, तेव्हाही त्यांचा हात खिशावरच होता.

"छातीत दुखतंय का?" काकूंनी घाबरून विचारलं.

"नाही," बाळकाका म्हणाले. "या वेळी पिन नाही लावली तिने."